घोड्याचं वावडं

आमच्या घरात वावडं कुणालाच नव्हतं. वावडं असायला ताटात दोन पदार्थ असावे लागतात. दुष्काळाच्या त्या सालांत आमच्या ताटात मिलो असायची, सरकारी दुकानातून मिळणारी तांबडी ज्वारी. तिची भाकरी थापताना काठ फुटायचे, तव्यावर ती काळवंडायची आणि थंड झाली की चामड्यासारखी व्हायची. माय ती अंबाडीच्या भाजीबरोबर द्यायची, अंबाडी नसली की ठेच्याबरोबर, आणि ठेचाही नसला तर म्हणायची, "पान्यात बुडवून खा. पोटात जाऊन समदं एकच होतं." आम्ही चौघं होतो. माय, दादा म्हणजे माझे वडील, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी अक्का, आणि मी. टेंभुर्णीत ओढ्याच्या अलीकडे आमची वस्ती आणि पलीकडे बाजार, शाळा, दवाखाना. भिंतीवर बुद्धाची एक तसबीर होती, तिच्याखाली पत्र्याची पेटी. त्या पेटीला कुलूप असायचं आणि किल्ली मायच्या कमरेला. पेटीत चोरण्यासारखं काही नव्हतं, पण कुलूप आहे म्हटल्यावर घराला घरपण येतं असं मायला वाटायचं.

अक्काचं नाव सुंदरा. दुसरीतून तिला शाळेतून काढलं, कारण मी रांगायला लागले होते आणि मला सांभाळायला कुणी नव्हतं. हे मला तिनंच हसत हसत सांगितलं होतं. "तू रांगली न् माझी शाळा सुटली. आता तू शीक अन् मला पन शिकव." मी सातवीत असताना तिला अक्षरं शिकवायला घेतली. पाटी नव्हती म्हणून ती चुलीपुढच्या राखेत गिरवायची. नाव जमल्यावर तिनं खिळ्यानं आपल्या जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, ताटलीच्या काठावर ते कोरलं. त्यातला 'द' उलटा झाला होता. मी चूक दाखवली तेव्हा म्हणाली, "ऱ्हाऊ दे. कुनी चोरली तर वळखू येईल."

दादा आणि अक्का दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. त्या आवाजाची आठवण अजून माझ्या कानात आहे. शेकडो हातोड्या, पण एकही दुसरीशी जुळणारी नाही. शाळेत कविता पाठ करताना लांबून तो आवाज यायचा आणि माझ्या कवितेची चाल मोडायची. एके दिवशी दगडाची कपची उडून अक्काच्या नडगीत घुसली. कामावर तपासणीला आलेल्या आरोग्यखात्याच्या माणसानं जखम धुतली, पट्टी बांधली आणि धनुर्वाताची सुई दिली. त्या दिवशी काहीच झालं नाही. जखम भरत आली. आठ-दहा दिवसांनी अक्का सकाळी उठली ती सगळ्या अंगावर गांधी घेऊन. पोट, पाठ, मांड्या, सगळीकडे लाल फुगलेल्या चकत्या. शेजारच्या मुक्ताकाकूनं पित्त म्हणून गेरू कालवून लावला. अक्का दारातल्या लिंबाखाली गेरूनं माखून बसली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणाली, "मारुती झाले मी. नारळ कुठंय?" देव सोडलेल्या आमच्या वस्तीत हा विनोद चालायचा नाही. दादांनी डोळे वटारले, आणि मग तेही हसले. दुसऱ्या दिवशी ती हसेनाशी झाली. ताप चढला, गुडघे आणि मनगटं सुजली, तिला पाण्याचा तांब्या धरता येईना.

एस.टी.नं तिला जालन्याला नेलं. मलाही नेलं, कारण पाट्या वाचायला कुणी तरी लागायचं. सरकारी दवाखान्यात जाड चष्म्याच्या एक वयस्क डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी अक्काला नाही, मायला नाही, मला विचारलं, "हिला गेल्या पंधरा दिवसांत कुठली सुई दिली?" मी सांगितलं. त्या स्टूल ओढून बसल्या आणि समजावून सांगितलं, जसं आजवर आम्हाला कुणी काही सांगितलं नव्हतं. धनुर्वाताची लस आधी घोड्याला टोचतात, मग घोड्याच्या रक्तातून हे सुईचं औषध काढतात. बहुतेकांना ते चालतं. काहींच्या शरीराला ते परकं वाटतं आणि शरीर त्याच्याशी भांडतं. आत्ता ते भांडून थकलंय, ही बरी होईल. पण शरीर विसरत नाही. पुन्हा हीच सुई दिली तर ते दहा दिवस थांबणार नाही. दहा मिनिटांत जीव जाईल.

अक्का खाटेवरून म्हणाली, "म्हंजे मला घोड्याचं वावडं हाय म्हना की."

"तसंच म्हण," बाई म्हणाल्या. त्यांनी लाल शाईनं एका कागदावर औषधाचं नाव लिहिलं, खाली मराठीत लिहिलं की ही सुई या मुलीला कधीही देऊ नये, आणि तो कागद मला दोनदा वाचायला लावला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "घरात वाचणारी तू एकटीच ना? मग सुईच्या वेळी तू हिच्याजवळ पाहिजेस." मी मान हलवली. आज पासष्टी उलटल्यावरही ती मान हलवलेली मला आठवते. त्यानंतर मी आयुष्यात पुष्कळांना पुष्कळ गोष्टींसाठी हो म्हटलं, पण इतक्या सहज कधी म्हटलं नाही.

कागद पेटीत गेला. पण मायचा कागदावर विश्वास नव्हता. "कागूद भिजतो, हरवतो, आन् मानूस रानात असलं की कागूद घरी ऱ्हातो," ती म्हणाली. सुगीनंतर गोंदणारी भागाबाई गावोगाव फिरत यायची. ती वस्तीत आली तेव्हा मायनं अक्काला तिच्यापुढं बसवलं आणि म्हणाली, "हिच्या डाव्या दंडावर घोडा काढ. सुई देत्यात तिथंच."

भागाबाईला तुळस येत होती, विंचू येत होता, पाळणा येत होता. घोडा तिनं कधी काढला नव्हता. मग मला बोलावलं. मी वहीच्या पानावर घोडा काढला. माझ्या इतिहासाच्या पुस्तकात एक होता, त्याच्यावरून. पाय जमले नाहीत, मान आखूड झाली. अक्कानं पान उलटंसुलटं करून बघितलं. "कमळे, हे कुत्रं हाय गं."

"घोडा आहे."

"बरं बाई, घोडा. भुंकला न्हाई म्हंजे झालं."

तेवढ्यात दादा आले. आम्ही धर्म बदलला तेव्हा त्यांनी घरातले देव स्वतः टोपल्यात भरून नदीत सोडले होते, आणि गोंदणं हे जुन्या चालीचं लक्षण म्हणून वस्तीतल्या मुलींना ते मना करायचे. त्यांनी विचारलं, "हे काय चालवून राह्यली तू? देव सोडले, आता घोडा आनती का अंगावर?"

माय पदर सावरून उभी राहिली. "हा देवाचा घोडा न्हाई. दवाखान्याचा हाय."

दादांनी पान हातात घेऊन बघितलं. मग भागाबाईसमोर बसले, अक्काचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि टोचणं संपेपर्यंत धरून ठेवला. भागाबाईला मायनं पायलीभर दाणे दिले. काजळ आणि दुधाचा तो निळसर हिरवा घोडा आठ दिवसांत बसला. पुढं दोन-अडीच वर्षं अक्का कुठंही गेली की आधी तो दाखवायची. जत्रेत बांगड्या भरणारीलासुद्धा सांगायची, "घोड्याची सुई असंल तर देऊ नको गं."

मग पाऊस नीट झाला. मिलो गेली, पांढरी ज्वारी आली. पहिल्या पांढऱ्या भाकरीवर अक्कानं तेल सोडून मीठ भुरभुरलं आणि डोळे मिटून खाल्ली. मी आठवीतून नववीत गेले. ती दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचायला जायची आणि संध्याकाळी मला विचारायची, आज काय शिकलीस. तिला भूगोल आवडायचा. नकाशातल्या निळ्या जागा म्हणजे समुद्र हे कळल्यावर तिनं विचारलं, "मंग एवढं पानी असून आपन खडी का फोडली?"

त्या वेळचा आमच्या गावचा डॉक्टर. त्याचं नाव मी लिहिणार नाही. नाव लिहिलं तर या पुस्तकात त्याला जागा मिळेल, आणि तेवढीही मला त्याला द्यायची नाही. बाजाराजवळ त्याचा दवाखाना. आत एक टेबल, एक काचेचं कपाट, बाहेर बाक. स्टोव्ह सारखा पेटलेला असायचा, त्यावरच्या भांड्यात काचेच्या पिचकाऱ्या आणि सुया उकळत खुळखुळायच्या. गावाला सुई दिल्याशिवाय डॉक्टर डॉक्टर वाटत नसे, हे मीही कबूल करते. डोकं दुखलं तरी माणसं दंड उघडून बसत. डॉक्टरला ते सोयीचं होतं. तो कुणाला काही विचारत नसे आणि कुणी त्याला विचारत नसे.

बाजारचा दिवस होता. कापसाच्या रानात पऱ्हाटीचा खुंट अक्काच्या टाचेतून आरपार गेला. मायनं हळद भरली, पण रक्त थांबेना, म्हणून मालकाच्या बैलगाडीत घालून रानातून थेट दवाखान्यात आणलं. दादा बाजारात होते, त्यांना निरोप धाडला. मला शाळेतून मुक्ताकाकूनं बोलावून आणलं. ती खोकल्याचं औषध घ्यायला बाकावर बसलेलीच होती. मी पोचले तेव्हा अक्का आतल्या बाकड्यावर होती, टाचेला पट्टी बांधून झाली होती, आणि तिनं मला बघून तोंड वेंगाडलं. "शाळा बुडाली ना तुझी? आता मीच गुर्जींना सांगते."

डॉक्टरनं सुई भरायला घेतली. मायनं विचारलं, "कशाची हाय?"

"धनुर्वाताची. नाही दिली तर पोरगी धनुष्यासारखी वाकून मरेल."

"डाक्टरसाब, ती द्यायची न्हाई. तिला घोड्याचं वावडं हाय. जालन्याच्या डाक्टरीणबाईनं लिवून देलंय."

"कागद कुठंय?"

"घरी हाय. पन हे बघा," आणि मायनं अक्काची बाही वर सारली.

डॉक्टरनं बघितलं. मी हे सगळं तीन पावलांवरून पाहत होते. तो कंपाउंडरकडे वळला, त्याला गंमत दाखवावी तसा. "देव सोडले म्हणतात आणि दंडावर खंडोबाचा घोडा." मग जरा वाकून, "घोडा आहे का कुत्रं?" कंपाउंडर हसला. बाहेरच्या बाकावरची दोन-तीन माणसंही हसली. मी काढलेला घोडा होता तो. माझे कान तापले, आणि त्या क्षणी मला अक्काच्या जिवापेक्षा माझ्या चित्राची लाज वाटली. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

मी म्हटलं, "कागद आहे. मी आणते."

"आण मग," तो म्हणाला. "वाचू."

मी धावले. बाजारातून, ओढ्यातून, वस्तीत. घरात शिरून पेटीपुढं बसले तेव्हा लक्षात आलं की किल्ली मायच्या कमरेला आहे. परत जायला वेळ नव्हता. मी पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि कुलपावर घातला. कुलूप स्वस्तातलं होतं, तरी तुटता तुटेना. कडी वाकली, मग निघाली. कागद बाहेर काढला, लाल शाई जराही फिकी झाली नव्हती. तो मुठीत धरून मी परत धावले. ओढ्यात पाय घसरला तेव्हा हात वर धरला, कागद भिजू दिला नाही.

दवाखान्यासमोर माणसं जमली होती. स्टोव्हचा आवाज तसाच चालू होता. आत अक्का बाकड्यावर पडलेली, ओठ आणि पापण्या सुजून तिचा चेहरा दुसऱ्याच कुणाचा झाला होता. बाही वर सारलेलीच होती. घोड्याच्या पोटाखाली बोटभर अंतरावर कापसाचा बोळा चिकटलेला होता, त्यात रक्ताचा एक ठिपका. त्यानं सुई तिथंच दिली होती.

मागाहून मुक्ताकाकूनं सगळं सांगितलं. मी गेल्यावर डॉक्टर थोडा थांबला. मग बाहेर बाजाराची गर्दी बघितली आणि म्हणाला, "किती वेळ बसू? कुठला कागद नि कुठलं काय." काकूनं बाकावरून विचारलं होतं, चामडीत थेंबभर घालून अर्धा तास बघतात ना? तिच्या भावाला तसं बघितलं होतं. तर तो म्हणाला, "अर्धा तास कुणाला आहे, मावशी?" मायनं त्याचा हात धरला. कंपाउंडरनं तो सोडवला. सुई टोचल्यावर अक्का म्हणाली, "माय, घसा धरला." मग, "कमळी आली का?" एवढंच. कपाटात अशा वेळी द्यायचं औषध होतं की नव्हतं कोण जाणे. कपाट उघडायची किल्ली कंपाउंडर शोधत राहिला. माझ्या घरातलं कुलूप मी तोडलं, आणि त्यानं त्याचं काचेचं कपाट फोडलं नाही.

दादा बाजारातून येऊन टेबलाजवळ उभे होते. त्यांच्या उजव्या अंगठ्याला निळी शाई होती. टेबलावरच्या कागदावर ओला अंगठा उमटलेला होता. मी तो कागद वाचला. रुग्णास अत्यवस्थ स्थितीत आणण्यात आले, असं त्यात लिहिलं होतं, आणि नातेवाइकांच्या संमतीने सुई देण्यात आली असंही. मी दादांना विचारलं, "हे काय केलं?"

ते माझ्याकडे बघत होते, पण त्यांना मी दिसत नसावे. "ते म्हन्ले, तिला जालन्याला न्यायचं तर अंगठा लागतो. जल्दी करा म्हन्ले."

मी कागद ओढायला हात घातला तोवर कंपाउंडरनं तो ड्रॉवरमध्ये टाकला. डॉक्टर माझ्याकडे न बघता म्हणाला, "हृदय कमजोर होतं, पोरी. कुणाच्या हातात नसतं." माझ्या मुठीतला लाल शाईचा कागद मी त्याच्यापुढं धरला. त्यानं तो वाचला नाही.

वाचणारी मी एकटीच होते, आणि नेमक्या त्या वेळेला मी तिथं नव्हते. डॉक्टरीणबाईंना हो म्हणून मान हलवली होती ती मी.

तालुक्याला, जाफराबादला, पोलिसांत तक्रार द्यायला गेलो, तेव्हा तिथल्या माणसानं दादांना विचारलं, "अंगठा तुमचाच ना?" दादा हो म्हणाले. तक्रार तिथंच संपली. दादा घरी आले आणि दगडानं अंगठा घासत बसले. शाई कधीच गेली होती. नंतर त्यांनी माझ्याकडून सही शिकून घेतली, राखेतच, अक्का गिरवायची त्याच जागेवर. मायनं अक्काची ताटली धुतली आणि फळीवर पालथी घातली. तिला कुणी हात लावायचा नाही. जेवताना ती ताटली आमच्या डोक्यावर असायची.

मी तेव्हा बोलत नसे, आताही फार बोलत नाही. मनात मात्र मी त्या माणसाला रोज मारत होते. पुस्तकातून वाचलेल्या सगळ्या रीतींनी. पुढं शिक्षिका झाल्यावर भंतेजींनी एकदा प्रवचनानंतर मला सांगितलं की वैर धरणाऱ्याचाच हात भाजतो. मी हात जोडले, नमस्कार केला. वैर ठेवलं. माझा हात भाजला असेल तर तो माझा हात आहे.

पुढच्या सुगीनंतर भागाबाई आली. तिनं ओसरीवर बसून विचारलं, "सुंदरा कुठंय?" मायनं सांगितलं. भागाबाई आपल्या पिशवीला गाठ मारून निघू लागली. मी पुस्तकातून तो जुना चित्राचा कागद काढला आणि तिच्यापुढं ठेवला. "माझ्या दंडावर काढ. असाच. नीट करू नको."

माय बघत राहिली. "तुला कुठं वावडं हाय?"

"त्याला नाही माहीत," मी म्हटलं. "दंड उघडला की त्याला हाच दिसला पाहिजे."

मायनं मला बाजूला सारलं आणि आधी स्वतः बसली. मग मी. मुक्ताकाकू चुलीवरचं तसंच टाकून आली, म्हणाली, "मी व्हते तिथं. माझ्या दंडावर तर पयला पायजे व्हता." संध्याकाळपर्यंत ओळ लागली. दादा दारात उभे होते. गोंदण्याला विरोध करणाऱ्या त्या माणसानं त्या दिवशी घरातलं दाण्याचं पोतं उचलून भागाबाईच्या पुढ्यात आणून ठेवलं. दुसऱ्या दिवशी ओढ्यापलीकडच्या कुणब्याच्या आळीतून सखूबाई आली. बाळंतपणात डॉक्टरनं तिला काय काय ऐकवलं होतं ते सांगून तिनंही दंड पुढं केला. सगळ्यांच्या दंडावर तोच घोडा, आखूड मानेचा, कुत्र्यासारखा.

मग आम्ही वाट बघितली. गावात आजारपणाला काही कमी नव्हती. दवाखान्यात पहिली गेली मुक्ताकाकू. परत येऊन तिनं अंगणात बसून सांगितलं, ते वस्तीतल्या बायांनी पुन्हा पुन्हा सांगायला लावलं. "बाही वर केली. त्यानं बघितलं. म्हन्ला, हे काय? म्या म्हन्लं, गोंदून घेतलंय, द्या की सुई. तर त्यो मागंच सरला. कंपाउंडरला म्हन्ला, तू दे."

दुसरी गेली सखूबाई. तिसऱ्या आठवड्यात तो सुई दंडात द्यायचाच बंद झाला. कंबरेखाली देतो म्हणू लागला. बाया अडून बसल्या.

"दंडातच द्या डाक्टरसाब. आमाला लाज वाटती."

"लाज कसली? डॉक्टरपुढं?"

"मंग तुमाला कसली वाटून राह्यली? दंडच तर हाय."

बाकावरची माणसं हसली. आधी अक्काच्या घोड्याला हसणारीही त्यांत होती. मला ते हसू ऐकून बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून वाईट वाटलं नाही. मग तो आधी थेंबभर टोचून, माणसं अर्धा अर्धा तास बसवून ठेवू लागला. बाजारच्या दिवशीसुद्धा. म्हणजे अर्धा तास त्याच्याकडे होता. पहिल्यापासून होता.

दोन महिन्यांपूर्वी पेपरात त्याचा फोटो आला. फार वय होऊन, मोठ्या शहरात, मुलानातवंडांत गेला. खाली छापलं होतं की त्यानं खेड्यातल्या गोरगरिबांची निरलस सेवा केली. मी ते पान नीट घडी घालून त्या लाल शाईच्या कागदाशेजारी ठेवलं आणि हे प्रकरण लिहायला बसले. त्याच्या मुलानातवंडांना मराठी वाचता येत असेल अशी मला आशा आहे.

तेव्हा दवाखान्यात दंड दाखवायची माझी पाळी सर्वांत शेवटी आली. मला ताप होता, खराच. शाळेतून सुटून मी एकटी दवाखान्यात गेले. बाकावर सात-आठ माणसं होती, त्यांच्यात मुक्ताकाकूही. आत शिरले तशी त्यानं मला ओळखलं. नाडी बघितली, जीभ बघितली. कंपाउंडर बाहेर गेला होता. सुई त्यालाच भरावी लागली. मी स्टुलावर बसले आणि बाही वर सारली.

तो बघत राहिला. स्टोव्ह सूं सूं करत होता.

मी म्हटलं, "घोडा आहे का कुत्रं?"

सुई हातात तशीच. माझा आवाज कधी मोठा नव्हता, तेव्हाही नव्हता. मी पुन्हा तेच विचारलं. त्यानं सुई ट्रेमध्ये ठेवली. कपाळ पुसलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं असं मुक्ताकाकू पुढं सांगायची. मी बघितलं नाही. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"घोडा," तो म्हणाला.

"बाहेर ऐकू गेलं नाही."

त्यानं दाराकडे बघितलं. बाकावरची माणसं वळून आत पाहत होती. "घोडा आहे," तो मोठ्यानं म्हणाला. "घोडा आहे."

मी बाही खाली केली आणि उठले. तो म्हणाला, "ताप आहे तुला, गोळ्या तरी..." मी थांबले नाही. वर्ष संपायच्या आत तो गाव सोडून गेला, पण मी त्याला घालवला तो त्या दुपारी.

मी ओढा ओलांडला. घरी माय चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

"काय म्हन्ला?"

"घोडा म्हणाला. दोनदा. सगळ्यांपुढं."

मायनं हातातली भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. ती फुगेपर्यंत थांबली. मग उठून फळीवरची अक्काची ताटली काढली, पदरानं पुसली, उलट्या 'द'ची बाजू माझ्याकडे करून खाली ठेवली आणि तीत गरम भाकरी वाढली.

"खा," ती म्हणाली.

तापानं माझ्या तोंडाला चव नव्हती. मी दोन भाकरी खाल्ल्या.